चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

१९७१ सालचा पावसाळा. कोलकात्यातल्या एका वैद्यकीय संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात पुस्तकं बाजूला सारून छोटा कारखानाच थाटला होता. मीठ, खायचा सोडा, ग्लुकोज, शेजारी तराजू, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कपड्यांना करायची इस्त्री. एकानं वजन करायचं, दुसऱ्यानं पिशवीत भरायचं, तिसऱ्यानं गरम इस्त्रीनं पिशवीचं तोंड चिकटवून टाकायचं. भरलेल्या पिशव्या गाडीत घालून सीमेवरच्या बनगावला धाडायच्या. त्यातून तयार होणाऱ्या एका लिटर पेयाचा खर्च होता ११ पैसे.

हा खटाटोप मांडणारे डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ होते.

बालरोगतज्ज्ञ म्हटलं की आपल्यासमोर येतो तो गल्लीच्या कोपऱ्यावरचा दवाखाना. भिंतीवर मिकी माउस, टेबलावर गोळ्यांची बरणी, बाहेरच्या बाकावर लशीच्या फाइली मांडीवर घेऊन बसलेल्या आया, आणि आतून येणारं एक भोकाड. उपयोगी, प्रतिष्ठेचं आणि चांगलं चालणारं काम आहे ते; त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेली काही मुलंमुली हल्ली वेगळंच विचारतात. ‘पेड्स घ्यायचंय, पण दवाखाना टाकायचा नाही. ग्लोबल हेल्थमध्ये जायचंय. त्याला काय करावं लागतं?’

कागदावरचं उत्तर चार ओळींत संपतं. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बॉन्ड, मग नीट पीजी या प्रवेश परीक्षेची घोकंपट्टी, रँक चांगली आली तर तीन वर्षं एमडी बालरोग, नाही तर दोन वर्षांचं डीसीएच. त्यावर पब्लिक हेल्थची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच. ती मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत होते, आणि शिष्यवृत्ती जुळली तर लंडनला किंवा बाल्टिमोरलाही. एवढं होईस्तोवर तिशी उलटते. सीट, रँक, ब्रँच, कटऑफ हे शब्द या वाटेवर इतके ऐकू येतात की आपण कुठे निघालो होतो तेच विसरायला होतं.

खरी वाट वळते ती वॉर्डात.

मेडिसिनच्या वॉर्डात रोगी स्वतः बोलतो. कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, आधी काय घेतलं, हे सांगतो. बालरोगाच्या पोस्टिंगला आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळतं की इथे रोगी फक्त रडतो. बोलते ती आई. दूध ओढतंय का, शू शेवटची कधी केली, रडताना डोळ्यांतून पाणी येतं का, टाळू खोल गेल्यासारखी वाटते का, आज नेहमीसारखं खेळलं का. या प्रश्नांची उत्तरं कोणत्याही यंत्रात नसतात. पुस्तक कोळून प्यालेला विद्यार्थी इथे अडखळतो. आणि जिला नीट वाचताही येत नाही अशी बाई ‘काल रात्रीपासून त्याचं लक्षच नाही हो माझ्याकडे’ एवढंच सांगते, तेव्हा निदान निम्मं झालेलं असतं.

तिथेच तो चिमूटही शिकतो. जुलाबानं आलेल्या बाळाच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडायची. लगेच सपाट झाली तर बरं; दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी भयंकर आटलंय असं समजायचं. मुलांच्या बाबतीत हे इतक्या झटपट का होतं, याचा हिशोब सोपा आहे. १० किलोच्या बाळाच्या अंगातून १ लिटर पाणी गेलं तर वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि एवढं जाणं जिवावर बेततं. ६० किलोच्या माणसाला तेवढ्याच धोक्यात यायला ६ लिटर जावं लागेल. वर्षाचं मूल सकाळी खेळत असतं आणि संध्याकाळी डोळे पांढरे करतं, ते या गणितामुळे.

वॉर्डात सलाईन असतं, सिस्टर असतात, अर्ध्या रात्री नाजूक शीर शोधून देणारा एखादा रेसिडेंट असतो. दुसऱ्या दिवशी मूल हसतं. विद्यार्थ्याला वाटतं, जिंकलो. मग दोन महिन्यांनी तीच आई त्याच मुलाला घेऊन पुन्हा त्याच खाटेवर दिसते, वजन आणखी अर्धा किलो कमी, आणि हे मूल घरी कुठलं पाणी पितं, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडतो. बहुतेक जण तो गिळून पुढच्या केसकडे वळतात. वळावंच लागतं, कारण उद्या राउंड असते. ज्याच्या घशात तो प्रश्न अडकून राहतो, त्याची वाट तिथून बदलते.

महालनबीसांची वाट सुरुवातीला अगदी नेहमीसारखी होती. ज्या पूर्व बंगालमधून १९७१ मध्ये लोकांचे लोंढे भारतात आले, त्याच पूर्व बंगालातल्या किशोरगंजला १९३४ साली त्यांचा जन्म झाला. कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून १९५८ साली ते डॉक्टर झाले. ब्रिटनमध्ये तेव्हा नव्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टर पुरत नव्हते. महालनबीस तिकडे गेले, लंडन आणि एडिंबरोच्या पदव्या मिळवल्या आणि लंडनच्या क्वीन एलिझाबेथ बालरुग्णालयात रजिस्ट्रार झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. अशी कहाणी इथून पुढे सहसा दोनच वळणं घेते: तिकडेच घर, नाही तर परत येऊन पाटीवर ‘लंडन रिटर्न्ड’. त्यांनी तिसरंच केलं. साठच्या दशकात ते परतले आणि कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं चालवलेल्या संशोधन केंद्रात कॉलऱ्यावर काम करू लागले. खासगी प्रॅक्टिसच्या मानानं यात ना पैसा होता ना नाव, आणि कामाचा विषय म्हणजे जुलाब. लग्नाच्या पंगतीत सांगता येण्यासारखा नाहीच.

तिथे ते काय शोधत होते, ते समजून घ्यायला थोडं आतड्यात शिरावं लागेल.

कॉलऱ्याचा जंतू आतडं कुजवत नाही की त्याला भोक पाडत नाही. त्याचं विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर ओतत राहायला लावतं, आणि क्षारामागोमाग पाणी धावतं. अशा वेळी नुसतं मीठ घातलेलं पाणी पाजलं तर ते अंगी लागत नाही, खालून निघून जातं. म्हणून शिरेतून सलाईन हाच एक इलाज समजला जायचा. १९६० साली रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञानं प्राग इथं एक कल्पना मांडली. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनं आत घेणारी एक वाट आहे. सत्यनारायणाला जसं जोडीनंच बसावं लागतं, तसं इथे एकट्या मिठाला प्रवेश नाही आणि एकट्या साखरेलाही नाही. दोघं मिळून आले की दार उघडतं आणि मागून पाणी वऱ्हाडासारखं आत शिरतं. गंमत अशी की कॉलऱ्याच्या विषानं बाकी सगळा गोंधळ घातला तरी हे एक दार शाबूत राहतं. १९६८ मध्ये डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी ढाक्यात दाखवून दिलं की ग्लुकोज आणि क्षार मोजून मिसळलेलं पाणी तोंडानं दिलं तर कॉलऱ्याच्या रोग्याला लागणारं सलाईन कितीतरी कमी होतं.

मात्र हे सगळं झालं रुग्णालयात. डोक्याशी शिकलेली परिचारिका, हातात मोजपात्र, किती गेलं आणि किती प्यालं याची नोंद. तिच्याशिवाय हे जमेल का? मुद्दाम करून बघायला कोणी परवानगी दिली नसती. बनगावनं ती न विचारताच दिली.

बांगलादेशच्या युद्धात वर्षअखेरीपर्यंत सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. बनगावच्या आसपासच्या छावण्यांत साडेतीन लाखांच्या घरात. जूनच्या अखेरीस महालनबीस तिथल्या रुग्णालयात पोचले तेव्हा कॉलऱ्यासाठी दोन खोल्या होत्या आणि रोगी जमिनीवर आडवे पडलेले. सुई टोचायची तर त्यांच्या उलटीत आणि शौचात गुडघे टेकून बसावं लागे. सलाईन संपत आलेलं, शीर शोधता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ही लढाई आपण हरतो आहोत हे त्यांना दोन दिवसांत कळून चुकलं. तेव्हा त्यांनी ग्रंथालयाचा कारखाना केला. मिश्रण मुद्दाम साधं ठेवलं: लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. छावणीत ते तोटीच्या पिंपात कालवून ठेवलं आणि रोग्याच्या आईला, भावाला, नवऱ्याला सांगितलं की मग भरून घ्या आणि पाजत राहा.

नर्सिंग तिथे नातलगांनी केलं. या साऱ्या कहाणीतला सगळ्यात धाडसी निर्णय मला विचाराल तर तो हा. औषध आधीच सापडलेलं होतं. ते डॉक्टरांनी हातातून सोडलं, हे नवीन होतं.

आणि लोक तरी सहज तयार झाले का? छे. सुई नाही, बाटली नाही, नुसतं पाणी पाजून बोळवण करताय, असं रोग्यांना वाटायचं, कर्मचाऱ्यांनाही वाटायचं. आपल्याकडे आजही ‘डॉक्टर, एक सलाईन लावाच’ असा हट्ट धरणारे कमी नाहीत. महालनबीसांच्या मंडळींनी त्यावर युक्ती काढली. त्या पाण्याला त्यांनी नावच दिलं ‘ओरल सलाईन’, म्हणजे तोंडानं घ्यायचं सलाईन. नाव चाललं. पाककृती बांगलादेशच्या गुप्त नभोवाणीवरूनही सांगितली गेली.

आठ-नऊ आठवड्यांत सुमारे ३,७०० रोग्यांवर असे उपचार झाले. आधी या छावण्यांत कॉलऱ्याच्या शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. ते प्रमाण ३.६ वर आलं. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ स्वतः येऊन बघून गेले आणि पुढे जिनिव्हात या उपचाराचे खंदे पाठीराखे झाले. ‘लॅन्सेट’नं १९७८ साली या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतींमध्ये केली.

शोध लागणं आणि तो घराघरात पोचणं यांत मात्र सहसा एक पिढी जाते. ते अंतर कापलं बांगलादेशनंच. ब्रॅक या संस्थेनं १९८० ते १९९० या दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरांत बायका पाठवल्या. त्या पाकिटं वाटत नसत. आईसमोर चुलीशी बसून शिकवत: अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ. मग आईलाच करायला लावत. काही दिवसांनी दुसराच माणूस येऊन बघून जाई की त्या आईला किती लक्षात राहिलं आहे, आणि शिकवणारीचा पगार त्यावर ठरे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे पगार असे ठरवले तर काय होईल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

ग्लोबल हेल्थ म्हणजे काय, हे ज्याला विचारायचं असेल त्यानं या चिमूट-मुठीकडे बघावं. पूर्वी या विषयाचं नाव ‘उष्णकटिबंधीय वैद्यक’ असं होतं आणि त्यात साहेबाचं आरोग्य आधी येई. त्या काळातही वेगळं बघणारी माणसं होती. जमैकात जन्मलेल्या सिसिली विल्यम्स १९२९ साली ब्रिटिश वसाहत सेवेतून गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेल्या. तिथे हातापायांवर सूज आलेली, केस पिंगट झालेली, कातडी सोलपटलेली मुलं त्यांना दिसली. इतर डॉक्टर त्यावर आपापली लेबलं चिकटवत होते. विल्यम्सबाईंनी तिथल्या बायकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? उत्तर आलं, ‘क्वाशिओरकोर’. गा भाषेतला हा शब्द. धाकटं आल्यावर थोरल्याला जडणारं दुखणं असा त्याचा भाव. अंगावरचं दूध तुटलं, बदल्यात पातळ खिमट मिळालं, ही सगळी कारणमीमांसा त्या एका शब्दात होती. १९३५ साली त्यांनी तो शब्द जसाच्या तसा ‘लॅन्सेट’मध्ये छापला आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो आजही तसाच आहे. मराठीत आपण त्याला सुजवटी म्हणतो आणि हाडं दिसणाऱ्या कुपोषणाला सुकटी. आपल्या शब्दांनी लक्षण सांगितलं, आफ्रिकेतल्या त्या शब्दानं कारण सांगितलं. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं माता-बाल आरोग्याचा विभाग सुरू केला तेव्हा त्याच्या पहिल्या प्रमुख या सिसिली विल्यम्सच होत्या.

आता आपल्या दारातलं उदाहरण. अभय आणि राणी बंग या दांपत्यातलं कोणीच बालरोगतज्ज्ञ नाही. ते मेडिसिनचे, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघंही नागपूरच्या सरकारी मेडिकलचे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि गडचिरोलीला येऊन ‘सर्च’ ही संस्था उभी केली. हॉपकिन्सनं त्यांना शिकवलं ते मुख्यतः मोजायला. गावात किती मुलं जन्मली, किती मेली, कशानं मेली. वॉर्डात वाढलेल्या डॉक्टरला हे कारकुनी वाटतं. पण जे मूल दवाखान्यापर्यंत पोचलंच नाही, ते वॉर्डाच्या रजिस्टरात कधीच दिसत नाही. ते दिसण्यासाठी गावात जाऊन वही उघडावी लागते. मोजल्यावर दिसलं की मुलं न्यूमोनियानं मरताहेत, आणि डॉक्टर कोसभर सोडाच, दिवसभराच्या अंतरावरही नाही.

न्यूमोनिया ओळखायचा तर एक्स-रे नसला तरी चालतो. श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण मोजणार कोण? गावातली दाई. तिला घड्याळ बघता येत नव्हतं आणि पन्नासपर्यंत मोजताना ती चुकायची. म्हणून बंग यांनी एक साधन तयार केलं: लाकडी चौकटीत तारेवर ओवलेले मणी आणि शेजारी मिनिटभर चालणारं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. औषध चालू करायचं. हे साधन दाई बिनचूक वापरू लागल्या. गडचिरोलीतल्या या प्रयोगाचा निबंध १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

त्यानंतरची पायरी जास्त अवघड. पहिल्या महिन्यातच जाणाऱ्या बाळांचं काय करायचं? बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, बाळाला अंधाऱ्या खोलीतून हलवत नाहीत, आणि नवजात बाळाचा उपचार म्हणजे काचेची पेटी, असं पुस्तक सांगतं. ‘सर्च’नं ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायका निवडून त्यांना ‘आरोग्यदूत’ केलं. बाळाचं वजन, ऊब, अंगावर पाजणं, गुदमरलेल्या बाळाला पिशवी-मास्कनं श्वास देणं आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही. शेतमजुरी करणारी बाई दोन दिवसांच्या बाळाला सुई टोचणार, हे वाचून शहरातल्या डॉक्टरांच्या भुवया वर जाणं साहजिक होतं. १९९९ साली आकडे छापून आले: नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ वर. २०११ पासून भारत सरकारनं हीच पद्धत गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. तुमच्या घरी अलीकडे बाळ जन्मलं असेल आणि गावातली आशाताई पिशवीतून काटा काढून त्याचं वजन करून गेली असेल, तर त्या भेटीचं मूळ गडचिरोलीत आहे.

ज्ञान कुठून कुठे वाहतं, याबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात एक उलटा नकाशा असतो. अमेरिकेत शिकायचं आणि आफ्रिकेत वाटायचं, असा. प्रत्यक्षात कमी दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथं, पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून, एडगर रे यांनी सुरू केली. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या चाचणीनं दाखवलं की जन्मल्या जन्मल्या हे सुरू केलं तर कमी वजनाच्या बाळांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. आज श्रीमंत देशांतली रुग्णालयंही ती पद्धत वापरतात. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्यसेविका म्हणून निवडलेल्या गावकरी बायकांकडून शिकायला परदेशातून डॉक्टर आले, अजून येतात. तेव्हा पंधरा दिवस परदेशातल्या छावणीत जाऊन, काळ्यासावळ्या मुलांना कडेवर घेऊन फोटो काढून येण्याला ग्लोबल हेल्थ म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मुलाची भाषा येत नाही, त्याच्या आईशी तुम्ही काय बोलणार?

त्यापेक्षा सुरुवात जवळून करावी. इंटर्नशिपमधले कम्युनिटी मेडिसिनचे तीन महिने बहुतेक इंटर्न नीट पीजीच्या अभ्यासासाठी ‘वाचवतात’. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं बॉन्डचं वर्ष दंड भरून टाळता येतं का, याची चौकशी होते. मुलांना दोष देत नाही. लाखोंच्या स्पर्धेत एकेक मार्क जड असतो, आणि आदिवासी तालुक्यात क्वार्टरचं छत गळतं, औषधं वेळेवर येत नाहीत, एकट्या मुलीला रात्री केंद्रावर भीती वाटते, हेही खरंच आहे. पण पेड्समध्ये राहून पुढे हे काम करायचं असेल, तर त्या वर्षाइतकी चांगली शाळा नाही. तिथलं मृत्यूंचं रजिस्टर उघडायचं आणि प्रत्येक बालमृत्यूच्या घरी जायचं. ‘कोवळी पानगळ’ हा महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल २००१ साली आला तेव्हा सरकारी नोंदींत न सापडलेली मुलं अशाच वह्यांमधून वर आली होती. ‘सर्च’च्या ‘निर्माण’ या उपक्रमातून २००६ पासून तरुण डॉक्टर गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांवर जाताहेत. ज्याला वाट एकट्यानं चालायची भीती वाटते त्यानं तिथे चौकशी करावी.

पुढे हाती काय लागतं? १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसाआधी जात. २०२० साली २८ जात होती, महाराष्ट्रात १६. यात लस आहे, रस्ते आहेत, मुलींचं शिक्षण आहे, आणि त्या ११ पैशांच्या पाण्याचाही वाटा आहे. तरीही जगात जुलाबानं दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं आजही मरतात. औषध आहे, स्वस्त आहे, पन्नास वर्षं जुनं आहे, आणि तरी.

लढायच्या जागाही बदलल्या आहेत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या लक्षात आलं की औषधांच्या दुकानात ‘ओआरएस’ हे या क्षार-साखरेच्या पाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापलेली जी पेयं मिळतात त्यांतल्या काहींमध्ये साखर भलतीच जास्त आहे. जुलाब झालेल्या मुलाला ती दिली तर जुलाब वाढतात. त्या कित्येक वर्षं पत्रं लिहीत राहिल्या, कोर्टात गेल्या. अखेर २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. या लढाईत स्टेथोस्कोप कुठेच नव्हता. तरी हे बालरोगाचंच काम.

महालनबीस १६ ऑक्टोबर २०२२ रोजी कोलकात्यात गेले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली मिळालं. त्याआधी त्यांनी कोलकात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थला एक कोटी रुपये देऊन टाकले होते.

लेख वाचणारे सगळेच काही मेडिकलला जाणार नाहीत, पण जुलाब कुणाच्याही घरी होतात. म्हणून ही कृती लिहून फ्रीजवर चिकटवा. जलसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, लिटरचं पाकीट असेल तर ते एका वेळी सगळं, मोजलेल्या एक लिटर पाण्यातच कालवा. अर्धं पाकीट पेल्यात, असला अंदाज चालत नाही. पाकीट नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंहून खारट लागता कामा नये. दर पातळ शौचामागे दोन वर्षांखालच्या मुलाला अर्धा कप, मोठ्याला कपभर, चमच्या-चमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सावकाश सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. मूल पेंगुळलं, पिईनासं झालं किंवा शौचातून रक्त पडलं तर तडक दवाखाना गाठा. आणि हे पाणी चोवीस तासच चालतं; उरलेलं ओतून द्या, दुसऱ्या दिवशी ताजं करा.